सायलेन्सर चोक झालाय म्हणाले, आणि आतली ‘माती’ काढून घेतली

निपाणीहून बेळगावला येताना तवंदी घाटाच्या चढावर माझ्या मारुती इको व्हॅनचा इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. गाडी मिसिंग मारत होती, पिकअप पार गेलेला. कशीबशी घाट चढून हायवेलगतच्या एका गॅरेजात लावली.

पोरानं स्कॅनर जोडला, स्क्रीन स्वतःकडे धरली आणि मालकाला हाक मारली. मालक मराठीच. "काय घाबरू नका ओ, आपलीच माणसं," म्हणत त्यानं चहा सांगितला. आमच्या सीमाभागात एवढ्यावर माणूस पाकीट काढून हातात देतो! मग म्हणाला, "सायलेन्सर चोक झालाय बघा. असंच नेलासा तर वाटेत पेट घेईल."

गोम अशी की बोलणं अगदीच खोटं नव्हतं. दिवा लुकलुकतो म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नसतं. ते कच्चं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या जाळीत, जाऊन जळतं आणि तो भयंकर तापतो. पण मूळ दुखणं सिलिंडरचं असतं.

नवा सायलेन्सर टाकला म्हणून बिल झालं ९,५००. जुना सायलेन्सर गाडीत टाका म्हटलं, तर "भंगार घिऊन काय करतासा? ऱ्हाऊदे हितंच, पाचशे कमी द्या." गाडी झकास पळाली, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं.

काही दिवसांनी दिवा परत लागला, या वेळी न लुकलुकता. बेळगावच्या उद्यमबागेतल्या ओळखीच्या मिस्त्रीनं कोड दाखवला: पी०४२०. कन्व्हर्टर काम करेना. नवाच टाकलाय म्हटल्यावर त्यानं गाडी रॅम्पवर चढवली आणि पान्यानं सायलेन्सरवर टकटक केलं. रिकाम्या घागरीसारखा आवाज. आत जाळी नाहीच, नुसता डबा, वर ताजं वेल्डिंग. मग सीट उचलून प्लग काढले. तिसऱ्या सिलिंडरचा नवाकोरा, बाकीचे तीन काळे पडलेले. सगळं दुखणं त्या दीड-दोनशेच्या प्लगचं.

जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमचा थर असतो. चोरबाजारात त्यालाच ‘माती’ म्हणतात आणि इकोचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्यात त्या याच्यापायी. त्यांना रात्री यावं लागतं. इथं मीच दिवसाढवळ्या वर पैसे मोजले. कोड पुसला की गाडी कन्व्हर्टर नव्यानं तपासते, आणि सहसा गाडीच्या लागोपाठ दोन फेऱ्यांत बिघाड दिसल्याशिवाय दिवा लावत नाही. तोवर कोल्हापूरची एमएच-०९ असो की गोव्याची गाडी, गिऱ्हाईक लांब पोचलेलं असतं.

म्हणून स्कॅनर लावला की आधी स्क्रीनचा फोटो घ्या. पी०३०३ दिसलं तर तिसरा सिलिंडर मिसफायर. तिथं आधी प्लग आणि कॉइल बघायची. जुना सुटा भाग गाडीतच टाकून आणा, कुणी कितीही कमी करू दे. पिवळा दिवा नुसता लागला असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश ओळखीच्या मिस्त्रीपर्यंत जाता येतं. लुकलुकला तर अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी बाजूला घ्या. ऑइलचा लाल दिवा लागला तर मात्र इंजिन तिथल्या तिथं बंद.

मी त्या गॅरेजात परत गेलो. "कुठला सायलेन्सर?" म्हणाला. पोलिसांनी बिल मागितलं. माझ्याकडे वहीचा फाडलेला कागद आहे, जीएसटी नंबर नाही, गाडी नंबर नाही; वर नुसतं ‘सायलेन्सर काम’ आणि खाली ९,०००.