इमोबिलायझरच्या नावाखाली 27,000 घेतले, आणि चावीत चिपच नाही

सांगली-मिरजेत गाडीचं वायरिंगचं काम करून घेणार असाल तर आधी हे वाचा. इमोबिलायझर म्हणजे चावीतली चिप ओळखली तरच इंजिन चालू राहू देणारी, चोरी रोखणारी यंत्रणा.

मार्केट यार्डाजवळ गाडी बंद पडली. स्टार्टर फिरायचा, इंजिन क्षणभर चालू होऊन बंद पडायचं, मीटरवर चावीचा दिवा लुकलुकत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आईला डायलिसिससाठी मिरजेला न्यायचं होतं, म्हणून जे गॅरेज उघडं दिसलं तिथं गाडी ढकलत नेली. घरातली दुसरी चावी आणून बघायचं सुचलंच नाही. तुम्ही मात्र सगळ्यात आधी तेच करा.

स्कॅनर लावायचे 500. गॅरेजवाला म्हणाला, "इमोबिलायझरचं मॉड्यूल गेलंय, नवीन टाकून ईसीएमशी, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरशी, जुळवावं लागेल." मॉड्यूल 14,500, ते जुळवायचा गुप्त पिनकोड मागवायचे 2,200, कोडिंग 6,000, दोन नवीन चाव्या 3,800. यातले 20,000 फोनवरून दिले, तेही भलत्याच माणसाच्या नावावर. 7,000 रोख.

ते 'नवीन' मॉड्यूल त्यानं माझ्या हातात दिलं होतं. खोका नव्हता. मागचं स्टिकर अर्धं खरवडलेलं. कनेक्टरच्या खाचेत वाळलेला राखाडी गाळ, नखानं उकरला तर पापुद्रा निघाला. 2019 चा पूर मी घरात छातीभर पाण्यात उभं राहून बघितलाय, पुराचा गाळ मला कळत नाही? विचारलं तर म्हणाला, "गोडाऊनची धूळ आहे सर." आणि मी गप्प बसलो! तिथंच चावी काढून घेऊन निघायला हवं होतं. पण सकाळचे सात डोळ्यांसमोर होते, आणि मी शाळेत मराठी शिकवतो. वापरलेल्या मॉड्यूलमध्ये आधीच्या गाडीचा कोड असतो, तो पुसल्याशिवाय ते जुळत नाही, हे मला कुठून माहीत असणार?

गाडी चालू झाली. चावीचा दिवा तसाच लुकलुकत राहिला. "दोन दिवसांत जाईल," म्हणाला.

नवव्या दिवशी चावी जिन्यावरून पडली आणि तिचं कव्हर उघडलं. आत चिपची जागा रिकामी. मिरजेच्या एका वायरमननं अर्ध्या तासात सगळं उलगडून दाखवलं: ईसीएममधलं इमोबिलायझरच बंद करून टाकलंय, मॉड्यूल नुसतं शोभेला बसवलंय. त्यानं साध्या पत्र्याची 150 रुपयांची चावी कापून माझ्यासमोर गाडी चालू केली. मूळ बिघाड इग्निशन लॉकभोवतीच्या कॉइलच्या तुटलेल्या वायरचा होता. जुना पार्ट हातात मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. माझं चांगलं मॉड्यूल त्या गॅरेजवाल्यानं ठेवून घेतलंय.

पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला आहे, पक्कं बिल आणा. बिल द्यायचं त्यानं, नाही दिलं म्हणून हेलपाटे मी मारायचे? तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा साहेब बंदोबस्तावर. आरटीओत सांगितलं, हे आमच्याकडं येत नाही. शोरूमवाले म्हणतात, बाहेर उघडलेल्या गाडीला हात लावणार नाही, पूर्ण संच घ्या. 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, तर मेसेजवर मेसेज येतात, माणूस एकही बोलत नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. 5 लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथं फी नाही, दोन वर्षांची मुदत असते. फोनवरून पैसे दिल्याची नोंद आणि स्कॅनरच्या पडद्याचा फोटो, एवढंच माझ्याकडं आहे. तुम्ही काम चालू असतानाच फोटो काढा.

गाडी चोरीला गेली तर विमा कंपनीला काय सांगू? आणि या चाव्या ज्यानं कापल्या, त्याच्याकडं माझा घरचा पत्ता आहे. सध्या 1,100 रुपयांचं स्टिअरिंग लॉक लावून गाडी फाटकाच्या आत उभी करतो.