गोंबेतली मारामारी: हिशोबाची की केळ्यांची?

टांझानियातल्या गोंबेत 1974 साली गोडी नावाचा चिंपांझी एकटाच झाडावर खात बसलेला, तेवढ्यात पलीकडच्या कासाकेला गटातले आठजण गुपचूप आले, त्याला खाली पाडून धरला आणि जबर बडवला; त्यानंतर तो कुणाला दिसलाच नाही. 1978 पर्यंत त्याचा अख्खा काहामा गट संपला. आता यावरून माणसाच्या हिंसेबद्दल दोन पार्ट्या भांडतात.

वानरांचा अभ्यासक रिचर्ड रँगहॅमचं म्हणणं, हा सरळ हिशोब आहे: आपण जास्त, समोरचा एकटा, मग रिस्क कमी आणि हद्द वाढते, म्हणून ही खोड उत्क्रांतीत टिकली. दुसरी पार्टी म्हणते छे, गोंबेत चिंपांझींचा अभ्यास करणाऱ्या जेन गुडालच्या कॅम्पवर त्यांना केळी वाटायचे ना, तिथूनच भांडणं पेटली, दोष माणसाचा.

मला केळ्यांची थिअरी आधी पटायची खरं तर, पण 2014 च्या 'नेचर' या विज्ञान नियतकालिकातल्या पेपरात 18 चिंपांझी गट तपासले आणि जिथे नर जास्त तिथे खून जास्त निघाले, माणसाच्या ढवळाढवळीशी संबंध लागेना. त्यामुळे रँगहॅम पुढे. फक्त ते थेट माणसाला चिकटवू नका राव, बोनोबो हा दुसरा वानरही चिंपांझीइतकाच आपला जवळचा भाऊबंद, आणि त्यांच्या 4 गटांत मिळून एकच संशयित खून!