डी.फार्म, बी.फार्म की फार्म.डी? मेडिकलच्या काउंटरमागून सांगतो

बारावीचा निकाल लागला की आमच्या मेडिकलवर गोळ्या घेणारे कमी आणि ॲडमिशनचं विचारणारे जास्त, असं निदान मला तरी वाटतं. परवा एक ताई मुलीला घेऊन आल्या, हातात सीईटीचं स्कोअरकार्ड, म्हणाल्या, "भाऊ, ही म्हणते डी.फार्म करते, शेजारचे म्हणतात बी.फार्मच करा, आणि हिच्या मामाने फार्म.डीचं डोक्यात भरवलंय, नावापुढे डॉक्टर लागतं म्हणे. काय करायचं?" मागे चार गिऱ्हाइकं खोळंबली होती म्हणून तेव्हा थोडक्यात उरकलं, पण प्रश्न थोडक्यात उरकण्यातला नाही, म्हणून जरा निवांत लिहितोय.

आधी सांगून टाकतो, डी.फार्म म्हणजे फार्मसीचा दोन वर्षांचा डिप्लोमा, बी.फार्म म्हणजे चार वर्षांची डिग्री आणि फार्म.डी म्हणजे सहा वर्षांचा डॉक्टर ऑफ फार्मसी. आमच्या घरात थोरला भाऊ डी.फार्म आणि मी बी.फार्म. तो पहिल्यापासून दुकानात, मी सात वर्षं वाळूजला एका टॅब्लेटच्या कंपनीत काढून मग तालुक्याला परत आलो. त्यामुळे या दोघांबद्दल अंगावर काढलेलं बोलतोय, फार्म.डीबद्दल जवळून पाहिलेलं.

एक गोष्ट कोणी नीट सांगत नाही. तिन्ही कोर्स केल्यावर स्टेट फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळतं, आणि काउंटरवर तिन्ही रजिस्ट्रेशनची किंमत एकच. 1948 च्या फार्मसी ॲक्टचं कलम 42 म्हणतं की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनेच द्यायचं, तो दोन वर्षं शिकला की सहा, याच्याशी कायद्याला देणंघेणं नाही. आमच्या दुकानाचं लायसन भावाच्या नावावर आहे, माझी डिग्री आतल्या खोलीत फ्रेममध्ये आहे आणि तिच्यावर धूळ बसते. म्हणजे फक्त दुकानच टाकायचं पक्कं असेल तर बी.फार्मची दोन जादा वर्षं आणि फी कशासाठी, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा.

डी.फार्म

दोन वर्षं आणि वर 500 तासांचं ट्रेनिंग, परीक्षा एमएसबीटीईची (राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची), ॲडमिशन बारावी सायन्सच्या मार्कांवर, सीईटीची भानगड नाही. 2020 च्या नव्या नियमांनंतर सिलॅबस बराच बदलला, आता कम्युनिटी फार्मसी, सोशल फार्मसी, फार्माकोथेरप्यूटिक्स (कोणत्या आजाराला कोणतं औषध) असे काउंटरवर खरोखर लागणारे विषय आहेत, भावाच्या वेळी एवढं नव्हतं. शिवाय 2022 मध्ये डिप्लोमावाल्यांसाठी एक्झिट एक्झामचे नियम आले, म्हणजे कॉलेज पास झालं की थेट रजिस्ट्रेशन ही जुनी समजूत सोडा आणि तुमच्या बॅचला ती परीक्षा कशी लागू होते ते ॲडमिशन घेतानाच कॉलेजात विचारून घ्या.

हा कोर्स कोणासाठी? ज्यांच्या घरी दुकान आहे किंवा टाकायची ऐपत आहे, ज्यांना दोन वर्षांत कमवायला लागायचंय, आणि ज्यांना माणसांशी बोलायचा कंटाळा नाही. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. सकाळी साडेआठ ते रात्री दहा उभं राहायचं, येणारा म्हणणार "ती पांढरी बारीक गोळी द्या, मागच्या वेळी नेली होती", आणि तुम्ही चिडायचं नाही. स्ट्रिप कापताना बॅच नंबर आणि एक्सपायरी उरलेल्या भागावर राहील अशी कात्री चालवायची, इन्सुलिन 2 ते 8 डिग्रीतच ठेवायचं, लाइट गेली की आधी फ्रिजकडे पळायचं.

पण हे नुसतं दुकानदारी काम नाही बरं का. गेल्या वर्षी एक आजोबा पायाला सूज आली म्हणून मलम मागायला आले. भावाने मलम दिलं नाही, म्हणाला घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. पिशवीत दोन कंपन्यांच्या दोन स्ट्रिप, नावं वेगळी, रंग वेगळे, आत दोन्हीकडे अम्लोडिपिनच, म्हणजे बीपीची गोळी. एक गावातल्या डॉक्टरांनी लिहिलेली, दुसरी शहरातल्या हॉस्पिटलने, आजोबा दोन्ही घेत होते आणि या औषधाने पायाला सूज येते हे फार्मासिस्टला माहीत असतं. त्यांना तसंच डॉक्टरांकडे परत पाठवलं. हे डी.फार्मवाल्या माणसाने पकडलं, मी मागे बिलं लावत होतो.

पैशांचं बोलायचं तर सरकारने किंमत बांधून दिलेल्या यादीतल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला 16 टक्के मार्जिन ठरलेलं असतं, बाकीच्यांवर रिवाजाने 20 धरतात, आणि त्यातूनच हल्ली लोकांना 10-15 टक्के डिस्काउंट पाहिजे असतो कारण मोबाईलवर मिळतो. म्हणजे दुकान चालतं, पण पूर्वीसारखी चैन राहिली नाही. जागेसाठी किमान 10 चौरस मीटरचा नियम आहे, भाडं परवडेल अशा ठिकाणी तेवढा गाळा शोधणं हेच अर्धं काम.

आणि एक कळकळीचं. कोर्स झाल्यावर कोणी ना कोणी येणारच, "तुझं सर्टिफिकेट आमच्या दुकानात लाव, महिन्याला घरबसल्या पैसे देतो." नाही म्हणा. महेश झगडे एफडीएचे (राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे) आयुक्त असताना फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर महाराष्ट्रभर कशा धाडी पडल्या ते आमच्या धंद्यातले लोक अजून विसरलेले नाहीत. दुकानात काही गडबड झाली तर नाव तुमचं, पैसे त्याचे.

बी.फार्म

चार वर्षं, आठ सेमिस्टर, एमएचटी-सीईटी देऊन कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) ॲडमिशन. मेडिकलवाली नीट (NEET) परीक्षा लागत नाही. पीसीएम आणि पीसीबी दोन्ही ग्रुप चालतात, पहिल्या सेमला बायोवाल्यांना रेमेडियल मॅथ्स आणि मॅथ्सवाल्यांना रेमेडियल बायो असतं, म्हणून "आमच्या मुलीचं गणित कच्चं" ही काळजी फार नको. खरा दणका ऑरगॅनिक केमिस्ट्री देते, तीन सेमिस्टर ओळीने पाठ सोडत नाही, आमच्या बॅचमधले निम्मे तिथेच अडकले होते.

प्रॅक्टिकलं मात्र मजेची असतात. फार्माकॉग्नोसीला, म्हणजे वनस्पतींतल्या औषधांच्या विषयाला, दालचिनीच्या सालीचा ब्लेडने एवढा पातळ काप काढायचा की कागदावरची अक्षरं त्यातून दिसली पाहिजेत, मग फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब टाकले की लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ) असलेल्या पेशी गुलाबी होतात, पहिल्यांदा ते मायक्रोस्कोपमध्ये दिसलं तेव्हा मी बाजूच्या दोघांना ओढून दाखवलं होतं. ज्याला असल्या गोष्टीत रस वाटत नाही त्याला चार वर्षं काढताना कंटाळा येणार.

बी.फार्मचा फायदा काउंटरवर नाही, बाकीच्या ठिकाणी आहे. ड्रग इन्स्पेक्टरच्या एमपीएससी परीक्षेला फार्मसीची डिग्री लागते, डिप्लोमा चालत नाही. कंपनीत प्रॉडक्शनला अप्रूव्ह्ड केमिस्ट (ज्याच्या देखरेखीखाली औषध बनतं तो) व्हायचं तर औषध नियमावलीतल्या नियम 76 प्रमाणे फार्मसी ग्रॅज्युएटला 18 महिन्यांचा अनुभव पुरतो, केमिस्ट्रीच्या बीएस्सीवाल्याला तीन वर्षं लागतात. जीपॅट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.फार्म, तिथून आर अँड डी, रेग्युलेटरी (औषधांच्या सरकारी मंजुरीचं काम), फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या साइड इफेक्टवर नजर ठेवण्याचं काम) हे सगळे रस्ते डिग्रीतूनच फुटतात.

आता कंपनीतलं खरं जीवन. पहाटे साडेपाचला बस, ए शिफ्ट, आत जाताना गाऊन, टोपी, मास्क, आणि मग आठ तास मशीनपाशी. मी आयपीक्यूएमध्ये होतो, म्हणजे गोळ्या बनत असतानाच त्यांची तपासणी, ठराविक वेळाने 20 गोळ्या उचलून वजन, हार्डनेस, फ्रायेबिलिटी (गोळी किती झिजते) बघायची आणि बीएमआरमध्ये, म्हणजे बॅचच्या नोंदवहीत, लिहायचं. चूक झाली तर खाडाखोड नाही, व्हाइटनर तर विचारूच नका, एकच आडवी रेघ, सही, तारीख. "लिहिलं नाही म्हणजे केलं नाही" हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की लग्नातल्या आहेराची वहीसुद्धा मी तशीच लिहिली. सुरुवातीचा पगार ऐकून वडील म्हणाले होते, थोरला यापेक्षा जास्त कमवतो. तेव्हा खरंच होतं. पाच-सहा वर्षांनी चित्र बदलतं, पण तोवर वाळूज, कुरकुंभ, तारापूर, गोव्यातलं वेर्णा, जिथे प्लांट तिथे राहायची तयारी पाहिजे. आईवडिलांजवळ तालुक्यालाच राहायचं असेल तर बी.फार्मची अर्धी ताकद वाया जाते, माझी गेलीच.

फार्म.डी

2008 ला आपल्याकडे सुरू झालेला कोर्स, पाच वर्षं शिक्षण आणि सहावं इंटर्नशिप. बारावीनंतर सीईटीनेच जाता येतं, किंवा बी.फार्म करून तीन वर्षांचा पोस्ट बॅकलॉरिएट, म्हणजे डिग्रीनंतरचा फार्म.डी. कॉलेजला 300 बेडचं हॉस्पिटल जोडलेलं लागतं आणि मुलं वॉर्डमध्ये राउंडला जातात, पेशंटची केसशीट वाचतात, कोणतं औषध कोणाशी भांडतंय ते काढतात. अभ्यास म्हणून तिन्हींत हाच मला सगळ्यात आवडतो, अगदी मनापासून.

नोकरी म्हणून विचाराल तर हात आखडता घेतो. नावापुढे डॉ. लागलं तरी प्रिस्क्रिप्शन लिहिता येत नाही, आणि क्लिनिकल फार्मासिस्ट पगार देऊन ठेवणारी हॉस्पिटलं मोठ्या शहरांतच, तीही मोजकी. माझ्या मित्राची मुलगी पुण्यात फार्म.डी झाली, वॉर्डात काम करायचं स्वप्न होतं, आज फार्माकोव्हिजिलन्समध्ये कॉम्प्युटरपुढे साइड इफेक्टचे रिपोर्ट बघते. बरा पगार आहे, पण त्यासाठी बी.फार्मही चाललं असतं असं तीच म्हणते.

एका ठिकाणी मात्र हा कोर्स बाकी दोघांना मागे टाकतो. अमेरिकेत फार्मासिस्ट व्हायचं तर परदेशी पदवीवाल्यांना आधी एफपीजीईई ही पात्रता परीक्षा द्यावी लागते, आणि 2003 पासून पुढे पास झालेल्यांना त्यासाठी किमान पाच वर्षांचा फार्मसीचा कोर्स लागतो. चार वर्षांचं बी.फार्म तिथे अडकतं, फार्म.डी जातं. तिकडे जायचं पक्कं असेल, घरून सहा वर्षं फी भरायची तयारी असेल, तर फार्म.डीच घ्या. नुसत्या डॉ. साठी घेऊ नका.

मधला रस्ता

डी.फार्म करून थेट बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, एकूण पाच वर्षं. सीईटी फसली किंवा घरची परिस्थिती दोन वर्षांनी काय असेल सांगता येत नाही, अशांना हे मी हमखास सुचवतो, कारण मध्येच थांबावं लागलं तरी हातात रजिस्ट्रेशनचा रस्ता असतो. त्रास एवढाच की तिसऱ्या सेमला गेल्या गेल्या ऑरगॅनिक केमिस्ट्री टू आणि फिजिकल फार्मास्युटिक्स अंगावर येतं, आणि रेग्युलरची मुलं वर्षभर पुढे असतात. सुट्टीत ऑरगॅनिकचं पहिलं सेम स्वतः वाचून जा.

कॉलेजचं थोडं. 2019 ला नव्या कॉलेजांवर आलेली बंदी 2022 ला सुप्रीम कोर्टात टिकली नाही आणि मग कॉलेजांचं पीक आलं, त्यामुळे सीट कुठेतरी मिळतेच. मुंबईचं आयसीटी, कलिन्याचं बॉम्बे कॉलेज, पुण्याचं पूना कॉलेज, किंवा कराड, अमरावती, संभाजीनगर, रत्नागिरीची सरकारी, यातलं काही मिळत असेल तर कोर्सचा फार घोळ न घालता घेऊन टाका. बाकी ठिकाणी पीसीआयची (फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची) मान्यता चालू वर्षाची आहे का बघा, मग लॅबमध्ये जाऊन टॅब्लेट मशीनवर हात फिरवा, बोटाला धूळ लागली तर समजून जा. मुलींसाठी 2024-25 पासून कॅपमधून डिग्रीला गेल्यास आणि घरचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असल्यास ट्युशन फी माफ आहे, उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, तहसीलला जून-जुलैत रांग लागते.

त्या ताईंना मी शेवटी विचारलं, घरी दुकान आहे का? नाही. मुलीला बाहेरगावी पाठवाल का? आई गप्प, मुलगी लगेच "हो" म्हणाली. मग बी.फार्म, म्हटलं मी. सीईटीला 78 पर्सेंटाइल आहेत, जवळपासचं बरं कॉलेज मिळून जाईल. मुलगी जाताना हळूच म्हणाली, काका, ते दालचिनीचं खरंच गुलाबी होतं का? आतून भावाने आवाज दिला, "अरे, या ताईंचे सुटे पैसे राहिलेत!"