आई-बाबांच्या मेंदूसाठी काय बरं: घरच्या घरी आपलं आपण, की ग्रुपमध्ये ठरवून?

साठी ओलांडली, नावं आठवंना झाली की घरात दोन सल्ले येतातच. एक म्हणजे मोबाईलवर गेम आणि शब्दकोडी टाकून द्या, सकाळी जमेल तसं फिरून येऊ देत. दुसरा म्हणजे ज्येष्ठ नागरिक संघात नाहीतर रंकाळ्यावर फिरणाऱ्या एखाद्या ग्रुपात त्यांना घाला. मी दुसऱ्या बाजूची आहे, पण पहिलं अगदीच वाया जातं असंही नाही.

अमेरिकेत यू.एस. पॉइंटर म्हणून अभ्यास झालाय, त्यात हीच तुलना होती. ६० ते ७९ वयाचे २,१११ जण, व्यायाम जवळपास नाहीच अशी माणसं, आणि दोन वर्षं. एका गटाला माहिती दिली, काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा म्हणाले, दोन वर्षांत मीटिंग फक्त ६. दुसऱ्याला व्यायाम, आहार, मेंदूचे खेळ, बीपी-शुगरची तपासणी सगळं आखून दिलं आणि ३८ मीटिंगा. २०२५ मध्ये निकाल आला, स्मरणशक्ती-विचारशक्तीच्या चाचण्यांत सुधारले दोन्ही गट, पण आखून दिलेला गट जास्त. फरक फार मोठा नव्हता, आणि काहीच न करणारा तिसरा गट नव्हता हेही ध्यानात ठेवा.

मला यात वेळ आणि माणसं महत्त्वाची वाटतात. एकटं फिरायचं म्हटलं की पावसाळ्यात पहिल्या आठवड्यातच बंद पडतं, पण कट्ट्यावर चौघं वाट बघत असली की आण्णा छत्री घेऊन निघतात, आणि एक दिवस आले नाहीत तर कुणीतरी फोन करतं की का ओ, बरं हाय न्हवं? गेममध्ये हे नाही. गेम खेळून माणूस त्या गेममध्ये पटाईत होतो, रोजच्या व्यवहारात त्याचा उपयोग होईलच असं नाही. त्यापेक्षा भजनी मंडळात नवीन अभंग पाठ करणं किंवा करवीर नगर वाचन मंदिरातून पुस्तक आणून त्यावर कुणाशी तरी वाद घालणं मला जास्त पटतं.

पण गुडघे धरलेत, किंवा आईला मुळात गर्दी आवडतच नाही, तर जबरदस्ती नको. घरीच करू दे, फक्त वेळ ठरवून, आणि घरातलं एक माणूस सोबत. आठवड्याला १५० मिनिटं जरा दम लागेल असं चालणं, दोन दिवस खुर्चीवरून उठ-बस.

जेवणाचं दोन्हीकडे सारखंच. भाकरी, पालेभाजी, डाळ, शेंगदाणे आहेतच आपल्याकडे, तांबडा-पांढरा रविवारी असू दे, मीठ, लोणचं, पापड, तळलेलं तेवढं कमी करा.

आणि कुठलंही निवडायच्या आधी कान तपासून घ्या, हे मी हात जोडून सांगते. ऐकू येत नाही म्हणून माणूस ग्रुपात गप्प बसतो, मग जायचंच बंद करतो आणि घरचे म्हणतात विसरायला लागलाय. २०२३ च्या अचीव्ह अभ्यासात कमी ऐकू येणाऱ्या ७० ते ८४ वयाच्या लोकांना कानाची मशीन दिली, सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही, पण ज्यांना विसरभोळेपणाचा धोका जास्त होता त्यांच्यात तीन वर्षांतली स्मरणशक्ती-विचारशक्तीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. सोबत बीपी, शुगर, डोळे बघाच.

रोजचा रस्ता चुकतोय, पैशाचा हिशोब जमंना झालाय असं असेल तर ग्रुप की घर हा प्रश्न नंतर, आधी न्यूरोलॉजिस्टला दाखवा, कारण बी-१२ किंवा थायरॉईड कमी असलं तरी असं होतं आणि ते औषधानं सुधारू शकतं.