भुशाच्या भट्टीवर कॉपर अँटी-सीझ : एका हंगामानंतर

तुमसर भागातल्या आमच्या उसना (उकडा तांदूळ काढणाऱ्या) राइस मिलचा बॉयलर धानाच्या भुशावर चालतो. भुसा जळाला की वजनाच्या साधारण २० टक्के राख उरते, त्यात बहुतेक सिलिका. ही बारीक राख भट्टीच्या दाराच्या बोल्टांच्या आट्यांत जाऊन बसते. तापलेल्या लोखंडावर पापुद्रे धरतात, ते मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतात आणि नट जाम होतो. बॉयलरच्या तपासणीआधी गॅस कटर काढणं हे दरवर्षी ठरलेलं.

यंदा नवा धान येण्याआधी दाराचे स्टड (डोकं नसलेले, आट्यांचे बोल्ट) बदलले, आटे वायर ब्रशने साफ केले आणि लॉकटाइट सी५-ए ही तांबे-ग्रॅफाइटची अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट लावली. तिची मर्यादा ९८२ अंश सेल्सिअस. उन्हाळ्यात भट्टी उघडली तर दाराचे नट साध्या पान्याने सुटले, पुढे हाताने फिरले! कटरला हातच लागला नाही.

पेस्ट वाळून काळी पडलेली दिसते, त्याची काळजी नको. तेल जळून जातं, तांबे-ग्रॅफाइटची पूड आट्यांत राहते आणि खरं काम तीच करते. साधं ग्रीस मात्र जळून कोळसा होतं आणि नट आणखी धरून ठेवतं.

कसताना सांभाळा. घर्षण कमी झालेलं असतं, त्यामुळे तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. कोरड्या आट्यांचा टॉर्क (कसण्याचा पीळ) जवळपास पाव हिश्शाने उतरवावा लागतो. नेमका आकडा पेस्टच्या माहितीपत्रकावरून काढा. पान्याला पाइप चढवून कसायची सवय असलेल्या फिटरला हे आधीच सांगा, नाहीतर स्टड लांबेल.

धुराड्याच्या डॅम्परला (धूर कमी-जास्त सोडणाऱ्या झडपेला) स्टेनलेसचे बोल्ट आहेत. स्टेनलेसवर स्टेनलेस थंड असतानाही घासून चिकटतं. तिथे निकेलची पेस्ट लावली. महाग आहे, पण ती १३१५ अंशांपर्यंत चालते. जस्ताचा मुलामा दिलेले चमकदार बोल्ट भट्टीजवळ अजिबात नकोत, जस्त ४१९ अंशांनाच वितळतं.

भट्टीतल्या, भुसा जळतो त्या जाळीच्या बोल्टांवर मात्र पेस्टचा उपयोग झाला नाही. तिथे नटच जळून झिजतो, आटे वाचवून काय करणार? ते कापूनच काढले. बाकी दारं, फ्लेंज (पाइप जोडायच्या कडा) आणि डॅम्परसाठी पुढच्या हंगामाचा डबा आणून ठेवला आहे.