भट्टी आली, केबिन अजून वाटेत आहे

पुण्याबाहेर वीस वर्षं फर्निचरचं वर्कशॉप चालवलं आणि यंदा गुहागर तालुक्यातल्या घरी परतायचं ठरवलं. मशिनं बरीचशी विकली. न्यायच्या वस्तू दोनच उरल्या, पण दोन्ही अवजड: लाकूड सुकवायची भट्टी आणि दहा बाय आठची पोर्टा केबिन, म्हणजे उचलून नेता येणारी तयार खोली.

भट्टी म्हटलं की लोकांना विटांची नाहीतर भडभुंज्याची आठवते. माझी भट्टी म्हणजे जुना वीस फुटी कंटेनर. आतून उष्णता अडवणाऱ्या पफचे (फोमचे) पॅनल, छताखाली उलटसुलट फिरणारे चार पंखे, हीटर, हवेतलं पाणी ओढून घेणारा डीह्युमिडिफायर आणि बाहेर कंट्रोल पॅनल. फळ्यांचे थर लावायचे, दोन थरांमध्ये पट्ट्या टाकायच्या, दार बंद करायचं आणि दिवसाआड फळीतलं पाणी मोजणारा मीटर बघायचा. कोकणात ही चैन नव्हे. पावसात हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की फळी पडवीत कितीही महिने ठेवा, तिच्यातलं पाणी २० टक्क्यांच्या आसपास येऊन अडतं. त्याच फळीचं कपाट मुंबईच्या एसीतल्या खोलीत गेलं की दिवाळीपर्यंत फटी पडतात आणि गिऱ्हाईक शिव्या घालतं. गावाकडे फणस आहे, आकेशिया आहे, किंजळ आहे, सुतार आहेत. सुकवायची सोय तेवढी नाही. माझा सगळा बेत त्यावर उभा होता.

वर्कशॉपचा करार मेअखेर संपत होता आणि गावाकडे मिरग तोंडावर आला होता. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर आमच्या वाडीच्या रस्त्यावर अवजड गाडी उतरवायची म्हणजे तिला ऑक्टोबरपर्यंत तिथेच ठेवायची तयारी हवी. ही घाई मी फोनवर येईल त्याला बोलून दाखवत होतो. पहिली चूक तीच.

ऑनलाइन एका ठिकाणी नंबर टाकला आणि दहा मिनिटांत सात फोन आले. दोन जुन्या ट्रान्सपोर्टवाल्यांनी दोन्हीकडची हायड्रा, म्हणजे माल चढवा-उतरवायची क्रेन, धरून ७० ते ७५ हजार सांगितले. त्यातल्या एकाने रस्त्याचा व्हिडिओ मागितला, मोरीची रुंदी विचारली, वीज कंपनीच्या तारा किती खाली आहेत ते विचारलं. मला वाटलं, नसत्या चौकशा करून भाव वाढवतोय. मग एक गोड आवाज आला. "काका, आपण चिपळूणचेच. गाववाल्याकडून काय जास्त घ्यायचं? ४१ हजारात दोन्ही गाड्या, हायड्रासकट, दारात." त्याने ना रस्ता विचारला ना वजन. संध्याकाळी कोटेशनही आलं. वर नाव एका नावाजलेल्या कंपनीशी मिळतंजुळतं, खाली जीएसटी नंबर, शिक्का, सही.

त्या रात्री गावाला धाकट्या काकांना फोन केला. ऐंशीचे आहेत, जन्मात ट्रक भाड्याने घेतलेला नाही. त्यांनी एकच विचारलं, "गाडी कोणाची?"

मी म्हटलं, कंपनीची आहे.

"कंपनीची म्हणजे कोणाची?"

मी विषय बदलला.

टोकन ५,००० गेलं. गाड्या २४ मेच्या सकाळी यायच्या होत्या, आल्या दुपारी तीनला. वीस फुटी उघड्या बॉडीचा एक ट्रक आणि एक आयशर. हायड्रावाला वेगळाच माणूस निघाला आणि त्याला रोख ८,५०० हवे होते. फोनवरचा आवाज म्हणाला, "तुम्ही देऊन टाका काका, भाड्यातून वळते करू." साडेचार वाजले होते आणि आभाळ भरून आलं होतं. दिले. भट्टी चार टनांच्या आसपास. ती पट्ट्यांवर लटकलेली असताना माणूस हिशेब घालत बसत नाही, ती खाली टेकेपर्यंत श्वास धरून उभा राहतो. ती ट्रकवर चढली. केबिन आयशरमध्ये गेली आणि तिच्यात डीह्युमिडिफायर, कंट्रोल पॅनल आणि मोटारींचं खोकं. महागाचं सगळं एका ठिकाणी राहील म्हणून मीच ते तिथे ठेवलं होतं.

एलआर, म्हणजे माल ताब्यात घेतल्याची ट्रान्सपोर्टवाल्याची पावती, मागितला तर फोनवाल्याच्या पोऱ्याने छापील पावतीपुस्तक काढलं. गाडी नंबरचा रकाना कोरा, मालाच्या किमतीचा कोरा. "ऑफिसात भरतात." मी सही केली. ई-वे बिलाचं, म्हणजे माल नेताना जीएसटीच्या साइटवर काढायच्या कागदाचंही तेच. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल लाखाच्या वर असला की ते लागतं आणि माझं जीएसटी लॉगिन चालू होतं. मी स्वतः काढलं असतं तर निदान गाडी नंबर माझ्या हाताने लिहिला गेला असता. "तुम्ही कशाला त्रास घेता काका." मग विम्याचे ६,२००. पॉलिसी आजतागायत आलेली नाही. खरी पॉलिसी विमा कंपनीकडून येते, तुमच्या नावाने, नंबरासकट. मला आली होती ती व्हॉट्सअॅपवर "डन" अशी एक ओळ. गाड्या हलायच्या आधी भाड्यातले २४ हजार क्यूआर स्कॅन करून दिले. स्क्रीनवर कंपनीच्या जागी कुठल्यातरी बाईचं नाव आलं. विचारलं तर म्हणे वहिनींचं खातं आहे.

अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि पुढे गुहागर रस्ता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत यायला हवं. मी एसटीने पुढे आलो. काकांनी चिऱ्याची दोन जोती घालून ठेवली होती, एक भट्टीला, एक केबिनला. चिपळूणहून १४ टनी हायड्रा सांगून ठेवली.

दुसऱ्या दिवशी टायर फुटला. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हर आजारी. चौथ्या दिवशी संध्याकाळी हळू आवाजात फोन आला. "काका, फॉरेस्टवाल्यांनी गाडी धरली. भट्टीत सागवान आहे तुमचं. पास नाही."

इथे मला घाम फुटला, कारण सागवान होतं. वखारीतून घेतलेल्या फळ्या, बिल माझ्याकडे, पण सागवानाला वनखात्याचा वाहतूक पास लागतो हे या धंद्यात पोरासोरांना ठाऊक असतं. फळ्या आत रचलेल्या होत्या, एवढ्यासाठी कोण उतरवणार म्हणून मी तशाच ठेवल्या. चढवताना त्याच्या पोऱ्याने दार उघडून पाहिलं होतं. त्याने २५ हजार मागितले, मी १५ वर आणले. घासाघीस जिंकल्याचं समाधानही वाटलं, काय सांगू! गाडी कुठल्या नाक्यावर धरली, पंचनामा झाला का, अधिकारी कोण, यातलं एक अक्षर मी विचारलं नाही. विचारायला गेलो तर आपलंच बिंग फुटेल ही भीती. त्याने माझी भीती बरोबर हेरली होती आणि तिचेच १५ हजार घेतले.

सहाव्या दिवशी तो म्हणाला, गाडी आंबा घाटात अडकली आहे, दरड आली. गुहागरला यायची गाडी आंबा घाटात कशाला जाईल? तो घाट कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचा. "चिपळूणचेच" असलेल्या माणसाला एवढं कळू नये? पोफळीला राहणाऱ्या मावसभावाला फोन लावला. तो म्हणाला, कुंभार्ली रोज चालू आहे, मी कालच वर जाऊन आलो. तेव्हा कुठे मी कोटेशनवरचा जीएसटी नंबर जीएसटीच्या साइटवर टाकून पाहिला. दोन मिनिटांचं काम. सुरुवात २४ ने होती, म्हणजे नोंदणी गुजरातची. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो. नाव तिसऱ्याच फर्मचं, नोंदणी रद्द झालेली.

आता तो सांगू लागला की माल गोडाऊनला उतरवलाय, दिवसाला २,००० भाडं चढतंय, ३५ हजार भरा नाहीतर भंगारात जाईल.

नवव्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. "साहेब, ही लोखंडी खोली तुमचीच का?"

ट्रकचा ड्रायव्हर होता, बीड जिल्ह्यातला. भट्टीच्या दारावर माझ्या वर्कशॉपचं नाव आणि मोबाइल नंबर पिवळ्या ऑइलपेंटने रंगवलेला आहे. दहा वर्षांपूर्वी पेंटरने तीनशे रुपये जास्त घेतले म्हणून मी कुरकुरलो होतो. त्या नंबरावरून त्याने फोन केला. गाडी उंब्रजजवळच्या एका ढाब्यामागे उभी होती, पहिल्या दिवसापासून. ना फॉरेस्ट, ना घाट, ना गोडाऊन.

मावसभावाला घेऊन तिथे पोहोचलो तेव्हा ड्रायव्हर ट्रकच्या सावलीत स्टोव्हवर खिचडी ढवळत होता. ताडपत्री अर्धीच, वळवाचं पाणी भट्टीच्या छतावर साचलेलं आणि जिथे साखळदंड आवळला होता तिथे पत्रा वाटीसारखा आत बसलेला. त्याने हात पुसले आणि मोबाइल पुढे केला. फोनवरच्या त्या गोड आवाजाचा, म्हणजे दलालाचा मेसेज होता: "पार्टी ने पैसे दिले नाही. घाट उतरू नको. थांब." ट्रक या माणसाच्या मालकाचा. दलालाकडे कागद नाही, टायर नाही, गाडी तर नाहीच. त्याने पुण्याच्या अड्ड्यावरून २६ हजारांत ट्रक ठरवला, डिझेलला ६,००० दिले आणि वरचे माझे पैसे खिशात घालून दोघांनाही एकमेकांच्या नावाने थांबवून ठेवलं. ड्रायव्हरला मी बुडव्या वाटत होतो, मला तो चोर.

"माझं भाडं कोण देणार साहेब?" हे त्याने चार वेळा विचारलं. मालकाशी फोनवर बोललो. राहिलेले २० हजार आणि आठ दिवस गाडी अडकल्याचे ४,००० असं ठरलं. निम्मे तिथे, निम्मे उतरवल्यावर. या वेळी गाडीचं नोंदणीपत्र (आरसी) बघितलं, गाडी नंबर सरकारी अॅपवर तपासला, मालकाच्याच नावावर पैसे टाकले आणि दोघांच्या सह्यांचा कागद केला. सागवानाच्या फळ्या उतरवून मावसभावाच्या ओळखीच्या वखारीत ठेवल्या. त्या अजून तिथेच आहेत, आता पास काढून आणेन.

चार जूनला ट्रक वाडीच्या तोंडाशी आला आणि मोरीपाशी थांबला. मोरीची रुंदी विचारणारा तो महागडा ट्रान्सपोर्टवाला तेव्हा मला आठवला. गडग्याचे तीन हात दगड काढावे लागले, दोन पोरं बांबूने तारा उचलून धरायला निघाली होती, त्यांना काकांनी दरडावून थांबवलं आणि वायरमनला बोलावून लाइन बंद करून घेतली. संध्याकाळी सहाला भट्टी जोत्यावर बसली. हायड्राचे ९,००० झाले. सातला पाऊस सुरू झाला. ड्रायव्हर रात्री आमच्याकडे जेवला आणि जाताना फणसाचे दोन गरे कागदात बांधून घेऊन गेला.

आयशर आली नाही. तिचा नंबर माझ्याकडे नव्हता, फोटोतही तिची मागची बाजू तेवढी आहे, नंबरप्लेटवर ताडपत्री लोंबलेली. कुठल्यातरी हायवेला माझ्या केबिनमधून वडापाव विकला जात असेल.

पोलिसांत पहिल्यांदा "हा दिवाणी मामला आहे, भाड्याची भांडणं आमच्याकडे नको" असं ऐकायला मिळालं. तेव्हा सगळे स्क्रीनशॉट, यूपीआयचे व्यवहार क्रमांक, ड्रायव्हरचा जबाब आणि जीएसटीच्या साइटची प्रिंट जोडून लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. चारशेवीस आता बोलण्यातच उरलंय. १ जुलै २०२४ पासून फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) लागतं आणि वाहतुकीला दिलेला माल गिळंकृत केला तर ३१६(३). अर्जात कलमं लिहिली की समोरचा जरा सावरून बसतो, हा माझा अनुभव. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर मी दहाव्या दिवशी फोन केला. ऑनलाइन पैसे गेले की पहिल्या काही तासांत तिथे कळवलं तर पुढच्या खात्यात ते गोठवता येतात. माझे तोवर तीन खाती फिरून एटीएममधून निघाले होते.

वकिलाने आणखी एक दाखवलं. रस्ते वाहतुकीच्या २००७ च्या कायद्याप्रमाणे ट्रान्सपोर्टरवर दावा लावायचा तर बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. आणि मालाची किंमत जाहीर करून जादा दर भरला नसेल तर त्याची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंतच. म्हणजे एलआरवरचा तो किमतीचा कोरा रकाना मी "ऑफिसात भरतात" म्हणून सोडला, ती माझ्या मालाची किंमत होती. नोटीस कोटेशनवरच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवली. "या पत्त्यावर असा इसम नाही" असा शेरा मारून परत आली. ते पाकीट मी न फोडता तसंच ठेवलंय, वकिलाने सांगितलंय म्हणून.

हिशेब असा: दलालाला गेले ५०,२००. हायड्रा, ट्रक आणि थांबण्याचे मिळून ४१,५००. गंमत बघा, ४१ हजारांचं काम ९१,७०० ला पडलं आणि तेही अर्धंच. केबिन, डीह्युमिडिफायर आणि पॅनल वेगळे. बायकोने हा हिशेब कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलाय. ती बोलत काही नाही, पण महिना बदलला की कॅलेंडर उलटं टांगते.

भट्टी सध्या नुसत्या पंख्यांवर आणि हीटरवर चालवतो, मोटारी चिपळूणहून नव्या आणल्या. फणसाची पहिली खेप लावली आहे, काल मीटरवर १७ दाखवत होतं. केबिनच्या रिकाम्या जोत्यावर काकी भात वाळत घालते. काका येताजाता तिकडे बघतात आणि मला विचारतात, "ती दुसरी गाडी कोणाची होती, कळलं का रे?"