शिवाजी पार्कचा कट्टा: साडेचार स्टार, अर्धा धुळीसाठी कापला

दादरकरांनी हे वाचलं नाही तरी चालेल, पण बाहेरून येणारे बरेच जण मैदान बघतात, फोटो काढतात नि निघतात, कट्ट्यावर टेकतच नाहीत, म्हणून रिव्ह्यू फक्त कट्ट्याचा.

मैदान साधारण 28 एकर, 1925 ला लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा माहीम पार्क म्हणायचे, 1927 ला तेव्हाच्या नगरसेविका अवंतिकाबाई गोखल्यांनी लावून धरलं म्हणून शिवाजी पार्क झालं. त्याच्या भोवतीने हा कट्टा, किलोमीटरच्या वर. उंची बेताची, रुंदी ऐसपैस, पाठ टेकायला काही नाही, आणि खरी मजा तिथेच आहे. मॅच बघायचीये तर पाय आत, माणसं बघायचीयेत तर पाय रस्त्याकडे, आणि मित्र आला की एक पाय इकडे एक तिकडे टाकून समोरासमोर गप्पा. बाकड्यावर तिघं बसले की फुल्ल, चौथा उभा राहतो आणि पाच मिनिटांत "चल निघतो" म्हणतो, इथे "जरा सरका हो" म्हटलं की जागा होतेच.

दुसरं म्हणजे बाजूने फेऱ्या मारणारे. गोल फिरत असल्यामुळे तीच माणसं परत परत समोरून जातात, मग आधी नुसती मान हलते, काही दिवसांनी "काय काका, काल दिसला नाहीत?" सुरू. बॉल कट्ट्याशी आला की कोणीतरी उठून फेकतोच आणि वर "अरे क्लीन एलबी होता तो" असा निकाल फुकट देतो, अंपायर ऐको न ऐको. रात्री उशिराही बायका निवांत बसलेल्या दिसतात, कारण रस्ता लागूनच, दिवे आहेत, समोर बिल्डिंगांच्या गॅलऱ्या, लपायला कोपराच नाही.

आता आमच्या इथलं नवीन गार्डन बघा. चकचकीत स्टीलची बाकडी, मध्ये मध्ये हात ठेवायचे दांडे, कोणी आडवं होऊ नये म्हणून असावेत, पण दोन मैत्रिणी बसल्या तरी मध्ये दांडाच, त्यात सगळी बाकडी एकाच दिशेला तोंड करून भर उन्हात आणि झाडं पलीकडे!! तिथे लोक फक्त मोबाईल बघतात, दुसरं करणार काय.

मायनस पॉइंट: उन्हाळ्यात लाल माती उडते, पांढरा शर्ट घालून जाऊ नका. पाठदुखीवाल्यांना अर्धा तास खूप झाला. सभा असेल तर विसरा. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्यांची तुफान गर्दी असते, टेकायला जागा मिळणार नाही, तरी पुस्तकांच्या स्टॉलसाठी मुद्दाम जा, पिशवी मोठी घ्या.

गाडी आणू नका, पार्किंगची बोंब आहे, दादर स्टेशनवरून चालत या. संध्याकाळी 6 नंतर बेस्ट.